सुधरवायचं की नवीन आणायचं? आधी काय बिघडलंय ते तर बघा

मागच्या दिवाळीच्या आधी आम्ही चाळीस इंची टीव्ही अटालेवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला, तीनशे रुपयांत देऊन टाकला. आवाज येत होता पण स्क्रीन काळीठिक्कर. नवरा म्हणाला पॅनल गेलं, पॅनल नवीन टीव्हीच्या भावात येतं, सोड आता, आणि मी पण मान डोलावली कारण सेल चालू होता आणि खरं सांगायचं तर मनात नवीन टीव्ही आधीच भिंतीवर लागला होता. दोन महिन्यांनी इथे इंदूरला जेल रोडला चार्जर घ्यायला गेले तेव्हा एका कारीगराला सहज सांगितलं तर तो हसलाच. "दीदी, आवाज आ रही थी ना? तो बैकलाइट गई होगी, पैनल थोड़ी." दीड-दोन हजारांचं काम! आमचा टीव्ही आता कोणाच्या तरी घरी मस्त चालत असेल.

त्यानेच मग ओळखायचं कसं ते सांगितलं. खोलीत अंधार करायचा, टीव्ही चालू ठेवायचा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ तिरका धरायचा. आत पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनल जिवंत आहे, मागच्या एलईडीच्या पट्ट्या किंवा त्यांना करंट देणारा बोर्ड गेलाय. स्क्रीनवर उभ्या रेघा असतील, शाई सांडल्यासारखा डाग असेल किंवा काच तडकली असेल तर मात्र पॅनल, आणि तेव्हा खरंच नवीन टीव्हीच बघावा. आणि काहीच नाही, लाल लाइट पण लागत नाही, तर बहुतेक पॉवर सप्लायचा बोर्ड, तो रिपेअर होतो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आपण "टीव्ही गेला", "फ्रिज गेला" असं म्हणतो आणि तिथेच ऑर्डर करायला बसतो. जातो एखादा पार्ट. तो पार्ट पन्नास रुपयांचा की पाच हजारांचा हे कळल्याशिवाय सुधरवायचं की नवीन घ्यायचं हा प्रश्नच येत नाही. त्यामुळे मी आता ज्या क्रमाने जाते तो लिहिते, इंदूरच्या हिशोबाने आहे, भाव तुमच्या गावात थोडे इकडे तिकडे होतील.

पहिलं म्हणजे कारीगराला फोन करायच्या आधी दहा मिनिटं स्वतः बघा. त्याच सॉकेटला दुसरी वस्तू लावून बघा (हसू नका, आमच्या शेजारच्या काकूंनी वॉशिंग मशीनसाठी माणूस बोलावला आणि बिघडलेलं होतं सॉकेटचं बटण, तो व्हिजिटचे साडेतीनशे घेऊन गेला). एमसीबी पडलीय का, स्टॅबिलायझरवर आकडा किती दाखवतोय, प्लगची पिन काळी पडलीय का, वायर कुठे उंदराने कुरतडलीय का. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे वारा-वादळ आलं की व्होल्टेज वर-खाली होतं, बऱ्याच तक्रारी त्याच दिवसांतल्या असतात.

मिक्सर. होळीच्या आदल्या दिवशी पुरण फिरवताना सासूबाईंचा मिक्सर घरघरून बंद पडला, जळका वास पण आला, आणि भाच्याने लगेच फोनवर नवीन मिक्सर दाखवायला सुरुवात केली. मी मिक्सर उलटा केला, बुडाशी छोटं लाल बटण असतं ना, ते बाहेर आलेलं. ते ओव्हरलोडचं बटण, मोटरवर जोर आला की स्वतःच बंद करतं म्हणजे मोटर जळत नाही. दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ दिला, बटण दाबलं, पुरण दोन घाण्यांत थोडं थोडं करून फिरवलं, झालं. मिक्सर तेरा वर्षांचा आहे. मोटर फिरतेय पण भांडं फिरत नाही किंवा कडकड वाजतं तर कपलर झिजलाय, म्हणजे वर जे दात असलेलं काळं चाक असतं ते. पन्नास-साठ रुपयांत मिळतं. प्लग काढून खालून शाफ्ट पेचकसने धरायची आणि वरचा कपलर फिरवायचा, पण बऱ्याच मिक्सरांत आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. हे माहीत नसलं की माणूस जोर लावून लावून दात तोडून ठेवतो, मी तोडलेले आहेत. आत ठिणग्या दिसत असतील आणि जोर कमी झाला असेल तर कार्बन ब्रश, तेही स्वस्त. भांड्याच्या बुडातून पाणी गळतं तर बुश, तेही. मिक्सर फेकायची वेळ फक्त मोटरचं वाइंडिंग जळल्यावर येते, आणि तेव्हाही चांगल्या जुन्या मिक्सरची मोटर बांधून मिळते, भाव विचारून ठरवा.

पंखा हळू फिरतोय, किंवा नुसता गुंगुं करतो आणि काठीने ढकलल्यावर सुरू होतो, तर बहुतेक वेळा कंडेन्सर, म्हणजे कपॅसिटर, मोटरला जोर देणारी छोटी डबी. २.५ एमएफडीचा बहुतेक पंख्यांना चालतो पण जुन्यावर लिहिलेला आकडा बघूनच घ्या. पन्नास रुपये.

कूलरबद्दल तर प्रश्नच विचारू नका, लोखंडी कूलर सुधरवायचाच. पंप, पॅड, पंख्याची मोटर, सगळं सुटं मिळतं, प्रत्येक गोष्ट बदलून नवी लावता येते, गंज लागला तर टाकी वेल्ड करून रंग मारून घ्या. फक्त एप्रिलच्या शेवटी नका जाऊ, तेव्हा कारीगर तुमच्याकडे बघत पण नाही, फेब्रुवारीत करून घ्या. आणि कूलरला अर्थिंग आहे का ते दरवर्षी तपासा, लोखंडी पेटी, पाणी आणि करंट एकत्र असतात, पाणी भरताना आधी प्लग काढायचा म्हणजे काढायचाच.

वॉशिंग मशीनमध्ये पाणी येत नाही तर मागे जिथे पाइप लागतो तिथली बारीक जाळी काढून ब्रशने धुवा. बोअरिंगचं पाणी असलं की ती चुना आणि रेतीने भरते. पाणी जात नाही तर फ्रंट लोडवाल्यांनी खालचं छोटं झाकण उघडून फिल्टर साफ करा, आमच्याकडे त्यातून दोन नाणी, एक हेअरपिन आणि नवऱ्याच्या शर्टाचं बटण निघालं होतं. खाली परात ठेवा, पाणी येतं. कपडे पिळताना विमान उडाल्यासारखा आवाज येत असेल तर बेअरिंग, आणि इथे जरा थांबा, कारण बऱ्याच नव्या फ्रंट लोडमध्ये ड्रमचं टब सीलबंद असतं, नुसतं बेअरिंग बदलत नाहीत, अख्खं टब बदला म्हणतात आणि खर्च एकदम वर जातो. टॉप लोडमध्ये तेच काम स्वस्तात होतं. तोच आवाज घेऊन महिनोन्महिने चालवलं तर मात्र बाकीचं पण खराब होतं.

गीझर उशिरा तापवतो तर एलिमेंटवर खार जमलाय, साफ करा नाहीतर बदला. त्याच वेळी आतली अ‍ॅनोड रॉड पण बघायला सांगा, ती टाकीच्या ऐवजी स्वतः गंजते आणि टाकी वाचवते, खाऊन संपली असेल तर बदलायची, कारीगर स्वतःहून सांगत नाहीत. टाकीच आतून गळायला लागली तर विषय संपला, नवीन घ्या, कोणी वेल्डिंग करून देतो म्हटलं तरी नको.

एसी आणि फ्रिजचं थोडं सविस्तर, कारण लुटतात ते इथेच. "गॅस कम हो गई, भरवा लो" हे वाक्य प्रत्येकाने ऐकलंय. गॅस काही पेट्रोल नाही की वापरून संपेल, ती बंद नळ्यांमध्ये फिरत असते. कमी झाली म्हणजे कुठेतरी गळतेय, आणि गळती न शोधता भरली तर पुढच्या उन्हाळ्यात तो परत येणार आणि तुम्ही परत पैसे देणार. म्हणून विचारायचं, "भैया, लीकेज कहाँ है, पहले वो दिखाओ." नायट्रोजनचं प्रेशर देऊन, साबणाचा फेस लावून गळती शोधतात, वेल्ड करतात, मग व्हॅक्यूम करून गॅस भरतात. व्हॅक्यूम पंप न आणता आलेल्या माणसाला परत पाठवा. गॅस कुठली आणि किती ते मशीनवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. आजकालच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए असते, ती ज्वलनशील असते आणि अगदी थोड्या ग्रॅममध्ये वजन करून भरतात, अंदाजे भरणाऱ्याचं काम नाही.

एसी नुसताच गार करत नाही तर आधी फिल्टर आणि बाहेरच्या युनिटची जाळी धुऊन बघा. बाहेरच्या युनिटचा पंखा सुरू होत नसेल तर तिथेही कंडेन्सर असू शकतो. इन्व्हर्टर एसीत पीसीबी, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड, जाते, कधी व्होल्टेजमुळे, कधी पाल आत शिरून दोन टोकं जोडते म्हणून (आमची अशीच गेली, पाल तिथेच वाळलेली सापडली). नवीन पीसीबीचा भाव ऐकून चक्कर येते पण जेल रोड, महाराणी रोडकडे नुसत्या पीसीबी रिपेअर करणारे बसतात, कार्ड काढून नेऊन दाखवलं तर चौथाई पैशात पण काम होतं. नाही झालं तर शंभर-दोनशे चेकिंगचे जातील.

फ्रिज वरून गोठतो पण खाली गार नाही, फ्रॉस्ट फ्री आहे, तर डिफ्रॉस्टचा हीटर किंवा सेन्सर किंवा पंखा, कंप्रेसर नाही. मागून थोड्या थोड्या वेळाने टक् असा आवाज येतो आणि कंप्रेसर सुरूच होत नाही, तर आधी रिले आणि ओव्हरलोड, म्हणजे कंप्रेसरला सुरू करणारे आणि सांभाळणारे छोटे पार्ट, बदलून बघायला सांगा, तीन-चारशेचं काम, सरळ "कंप्रेसर गया" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दरवाज्याचं रबर बघायला दहाची नोट अर्धी आत ठेवून दार लावा आणि ओढा, सहज निघाली तर रबर ढिलं. आणि बर्फ सुरीने खरवडू नका हो, ॲल्युमिनियमची नळी असते, एक भोक पडलं की गॅस गेली, मी ओळखीत तीन फ्रिज असे मेलेले पाहिलेत आणि तीनही वेळा हातात सुरी घरच्याच माणसाच्या होती.

कंप्रेसर खरंच गेला असेल तर आधी कपाट उपसून बिल शोधा. बऱ्याच कंपन्या फ्रिज-एसीच्या कंप्रेसरवर आणि वॉशिंग मशीनच्या मोटरवर दहा वर्षांची वॉरंटी देतात आणि लोकांना फक्त पहिल्या वर्षाची आठवण असते. कंप्रेसर फुकट मिळाला तरी गॅस आणि मजुरी लागते बहुतेक, पण तरी अर्ध्याहून जास्त वाचतात. कंपनीचा नंबर मात्र वॉरंटी कार्डावरून किंवा मशीनच्या मागच्या स्टिकरवरून घ्या, गुगलवर पहिला दिसला तो लावू नका, तिथे खोटे कस्टमर केअर बसलेत, दहा रुपये भरा किंवा हे अ‍ॅप टाका म्हणतात आणि खातं साफ करतात. वॉरंटीत असूनही टाळाटाळ केली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मी एकदा लावलीय, तक्रार नंबर मिळाल्यावर सूर बदलतो. केंद्र सरकारचं राइट टू रिपेअर पोर्टल पण आहे, डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं, कंपन्यांचे सर्व्हिसचे नंबर, वॉरंटीची माहिती एका जागी बघायला बरं.

काही गोष्टींना मात्र स्वतः हात लावू नका. मायक्रोवेव्ह तर उघडूच नका, प्लग काढल्यावर पण आतल्या कपॅसिटरमध्ये करंट साठलेला असतो आणि तो जीव घेऊ शकतो. फुगलेली मोबाइलची किंवा लॅपटॉपची बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला लावायची नाही. करंट मारणारी कुठलीही वस्तू, आधी बंद, मग विचार.

आता हिशोब. लोक सांगतात की खर्च नव्याच्या अर्ध्यापेक्षा जास्त झाला तर नवीन घ्या. ठीक आहे, पण त्यात वय येत नाही आणि बिजली पण येत नाही, म्हणून मी वर्षाला किती पडतं ते काढते. म्हणजे असं की मशीनचा खर्च साडेचार हजार सांगितला आणि कारीगर म्हणतो अजून तीन वर्षं जाईल, तर वर्षाचे दीड हजार. नवीन अठरा हजारांचं, नऊ वर्षं धरा, वर्षाचे दोन हजार. सुधरवलेलं बरं. तेच मशीन दीड वर्षच जाणार असेल तर वर्षाचे तीन हजार झाले, नको. आणि "किती वर्षं जाईल" हे कारीगराला नाही, स्वतःला विचारा: मागच्या दोन वर्षांत हे किती वेळा बिघडलं? तिसऱ्यांदा असेल आणि दर वेळी वेगळा पार्ट असेल तर मशीन थकलंय.

फ्रिजला बिजली जोडावी लागते कारण तो चोवीस तास चालतो. आमचा जुना फ्रिज अठरा वर्षांचा. वॅट मीटर म्हणून प्लगमध्ये लावायची एक डबी मिळते, सातशे-आठशेची, ती चार दिवस लावली तर दिवसाला दोन युनिट! रबर बदललं, मागची जाळी साफ केली, परत मोजलं, १.६. वर्षाला ५८४ युनिट झाले, सात रुपयांनी धरलं तर ४०८८ रुपये. नव्या फ्रिजच्या स्टार लेबलवर वर्षाला किती युनिट ते छापलेलंच असतं, आम्ही बघितला त्याच्यावर १८० च्या आसपास होते, म्हणजे १२६० रुपये. फरक २८२८. फ्रिज सोळा हजारांचा, बारा वर्षं धरली तर वर्षाचे १३३३. म्हणजे जुना फ्रिज चालू असून, काहीही न बिघडता, आम्हाला नव्यापेक्षा दरवर्षी दीड हजारांनी महाग पडत होता. सासूबाईंना हा कागद दाखवला तर त्या म्हणाल्या, "तो चांगला चालतोय की गं," आणि त्यांचं पण खोटं नव्हतं. त्यांना पटवायला सहा महिने लागले.

पंख्याला हाच हिशोब वेगळा निघतो. जुना ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी बिजली खाणाऱ्या मोटरचा, ३० च्या आसपास. रोज पंधरा तास, आठ महिने चालला तर साधारण १६२ युनिट वाचतात, म्हणजे अकराशे रुपये. हॉलमधला पंखा बदलला तर तीन हजार तीन वर्षांच्या आत निघतात. पाहुण्यांच्या खोलीतला, वर्षाला पंधरा दिवस चालणारा, तो कंडेन्सर टाकून वीस वर्षं चालवा. सेलमध्ये सगळ्या घराचे पंखे बदलणारे लोक हे बघत नाहीत.

कारीगर कसा ओळखायचा? मी एक करते, आधी विचारते की काय झालं असेल असं वाटतं. जो न बघता फोनवरच भाव सांगतो किंवा सांगतो की "ले आओ, देख लेंगे" आणि नंतर फोन उचलत नाही, तो नको. चांगला माणूस चार प्रश्न उलट विचारतो, आवाज येतो का, लाइट लागते का, कधीपासून. मशीन न्यायच्या आधी सिरियल नंबरचा फोटो काढा, पार्ट बदलला तर जुना पार्ट परत मागा ("पुराना वाला दे देना भैया", लाजू नका), बिलावर पार्टचं नाव आणि तीन महिन्यांची गॅरंटी लिहून घ्या. पार्ट ओरिजिनल की लोकल हे पण आधीच ठरवा. पंपाला लोकल चालतो, पीसीबीला आणि गॅसच्या वस्तूंना नको. आणि मोबाइल-लॅपटॉप देताना आधी बॅकअप, मग बँकेचे अ‍ॅप काढून टाका, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देऊ नका, समोर बसून चेक करून घ्या.

एवढं सगळं करून वस्तू जाणारच असेल तर अटालेवाल्याच्या आधी एक्स्चेंजचा भाव विचारा, इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटरीचे तर दुकानदार चांगले पैसे कापून देतो. छोटं सामान, जळलेला चार्जर, बल्ब, रिमोट, हे ओल्या-सुक्यात टाकू नका, आपल्या इंदूरच्या कचरा गाडीला ई-वेस्टचा वेगळा डबा असतो, २०१७ पासून स्वच्छतेत पहिले म्हणून मिरवतो तर एवढं तर करू. मोठं सामान कंपनीच्या कलेक्शन सेंटरला पण जातं, एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या ई-वेस्ट नियमांत जुनं सामान रिसायकल करवून घ्यायची जबाबदारी कंपन्यांवर आहे. वायर जाळून तांबं काढणाऱ्याला मात्र देऊ नका, तो धूर आपल्याच गल्लीत येतो.

द्यायच्या आधी वस्तूतून कामाचं काढून घ्या. मिक्सरची भांडी, फ्रिजचे काचेचे रॅक, मशीनचा पाइप, टीव्हीचे भिंतीचे क्लॅम्प. आमच्या जुन्या फ्रिजचा भाजीचा ट्रे सासूबाईंनी ठेवून घेतला, खाली चार भोकं पाडून गच्चीवर त्यात कोथिंबीर लावलीय.